ज्योत्स्नाच्या नावाचा खुंट

मी खुंट बोलतोय. वेल नव्हे, खुंट. द्राक्षाच्या मांडवाखाली माणूस उभा राहिला की त्याची मान आपोआप वर जाते. घड किती, मणी केवढे, रंग कसा, हे सगळं वर बघून ठरतं. खाली बुंध्याकडे बघतं कोण? बघितलंच तर चपला ठेवायला जागा आहे का, एवढ्यापुरतं.

म्हणून आधी माझी ओळख करून देतो. ज्याला तुम्ही द्राक्षाची वेल म्हणता, ती हल्ली बहुतेक ठिकाणी एकटी नसते. वर खायच्या द्राक्षाची काडी आणि खाली माझ्यासारखा जंगली जातीचा खुंट, अशी ती जोडी असते. त्या नाजूक बाईला खारं पाणी सोसत नाही, चुनखडीची जमीन मानवत नाही आणि मराठवाड्याचा वैशाख तर मुळीच झेपत नाही. मला सगळं चालतं. मग माणसं काय करतात, तर मला आधी लावतात, मुळं धरू देतात, आणि मी जरा अंगानं भरलो की माझं डोकं उडवून त्या जागी तिची काडी बसवतात. मुळं माझी, पाणी मी ओढायचं आणि नाव तिचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

त्यात ती बिनबियांची. बी नाही म्हणजे लेकरू नाही. तिची काडी कापून दुसरीकडे लावली तर तिथं तिची मुलगी उगवत नाही, तीच उगवते. कधीकाळी कुठल्या तरी अंगणात होती, तीच आज दुसऱ्या अंगणात असते. माणसांना ह्याचं फार कौतुक. मला मात्र पहिल्यापासून ह्या गोष्टीची थोडी भीतीच वाटत आली आहे.

माझा जन्म जालन्याजवळच्या एका रोपवाटिकेतला. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, भावंडांच्या लांबलचक रांगेत. भावंडं टेम्पो भरभरून बागायतदारांकडे गेली. मी एकटाच एका मुलीच्या मांडीवर बसून एसटीनं भोकरदनला आलो. तिचं नाव ज्योत्स्ना. शेतकीची पदविका घेतलेली, बोलायला चटपटीत. शेजारच्या बाईनं विचारलं, "हे कसलं रोप गं?" तर म्हणाली, "नवरदेव हाय, मावशी. नवरी मागून येणार हाय." आजूबाजूचे सगळे हसले. मी आपला पिशवीत ताठ बसून राहिलो.

घर गावाच्या कडेला, जाफराबाद रस्त्याच्या अंगाला. ज्योत्स्ना त्या घरात एकुलती एक. तिचे वडील बद्रीनाथ, मोसंबीवाले. त्यांची बाग पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात, आणि ते रोज मोटारसायकलवरून तिकडे जात. आई दुर्गाबाई, जिचं सगळं तरुणपण त्याच बागेत गेलेलं. आता गुडघे धरल्यामुळे ती घरीच असायची.

"मोसंबीवाल्याच्या घरात द्राक्षं?" मला बघून बद्रीनाथ म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"अण्णा, मोसंबी विकायला हाय. हे आपल्याला खायला," ज्योत्स्ना म्हणाली आणि न्हाणीच्या भिंतीलगत खड्डा खणायला बसली.

खड्ड्यात शेणखत आणि निंबोळी पेंड पडली, आणि मी. वर पाइपांचा आणि तारेचा मांडव बापलेकीनं मिळून उभा केला. त्यात दोघांची तीनदा भांडणं झाली, कारण दोघांनाही सगळं येत होतं. दुर्गाबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत दोघांनाही नावं ठेवायची. मला लावलं माघात. श्रावण येईपर्यंत माझं खोड अंगठ्याएवढं झालं होतं, आणि भाद्रपदात नवरी आली.

ती आली जालन्याहून, अंतराच्या घरून. अंतरा ही ज्योत्स्नाची कॉलेजातली मैत्रीण, जालन्यात एका कंपनीच्या ऑफिसात कामाला. तिच्या आजोबांनी, वामनरावांनी, कधीतरी अंगणात लावलेली वेल त्यांच्या गच्चीभर पसरली होती. जात कोणती हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. लांबट मणी, पातळ साल आणि जरा सोनेरी झाक. ज्योत्स्नानं त्या वेलीची द्राक्षं एकदा खाल्ली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात तीच. अंतरानं ओल्या गोणपाटात गुंडाळून काडी आणली आणि ज्योत्स्ना कलम बांधत असताना मोबाईलवर तिचं शूटिंगही केलं.

माझं डोकं उडालं. खोडाला मधोमध चीर पडली आणि पाचरीसारखी तासलेली ती काडी चिरेत बसली. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली गेली. दुखलं का, असं विचारू नका. रोज पहाटे ज्योत्स्ना यायची, काडीचा डोळा फुटला का बघायची, आणि माझ्या अंगावर खालून जी फूट यायची ती नखानं मोडून टाकायची. एके दिवशी डोळा फुटला. दोन पानं आली, बोटाच्या पेराएवढी. तिनं आईला हात धरून ओढत आणलं होतं बघायला.

त्या साली तापाची साथ होती. ज्योत्स्नाला ताप आला, गोळ्यांनी उतरला, परत चढला. मग तिला संभाजीनगरला नेलं. ती गाडीत स्वतःच्या पायानं चढली. आणलं तेव्हा चौघांनी उतरवलं.

घराला सुतक लागलं. ह्या घरात सुतकात हिरवं पान तोडत नाहीत. कढीपत्त्याला हात लावत नाहीत, तुळस खुडत नाहीत, गवतसुद्धा उपटत नाहीत. आणि माझी खालची फूट तर रोज मोडायची असते. ती कुणी मोडली नाही. मला दोष देऊ नका. रस माझ्या मुळांतून येतो आणि जवळची वाट धरतो, आणि फुटणं हा माझा स्वभाव आहे. तेरावं होईपर्यंत माझ्या फांद्या हातभर झाल्या होत्या, आणि वरच्या काडीची ती दोन पानं माना टाकून बसली होती.

तेराव्यानंतर बद्रीनाथ कात्री घेऊन आले. मोसंबीचंही आमच्यासारखंच असतं. वर मोसंबी, खाली जंबेरी नावाचं जंगली लिंबू. जंबेरीची फूट राहू दिली तर मोसंबी मरते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते वाकले, तर मागून दुर्गाबाईचा आवाज आला.

"हात लावू नका."

"अगं, खालची फूट हाय ही."

"खालची असो का वरची. तिच्या हातचं हाय. एक पान मोडलं तर बघा."

बद्रीनाथ तसेच वाकलेले राहिले. मग कात्री खिशात घालून ते आत गेले, आणि त्या दिवसापासून माझ्या अंगाला लोखंड लागलं नाही. काडी वाळली. तिच्याभोवतीची पट्टी कुणी सोडली नाही, म्हणून ती माझ्या सालीत रुतली आणि वरून माझी साल चढली. ती मेलेली काडी तशीच माझ्या चिरेत राहिली. दर फाल्गुनात खालून रस उसळायचा तो आधी तिथं जायचा, थांबायचा आणि मग परत फिरायचा. तिथं कुणी नाही हे मला कळायचं, पण माझ्या मुळांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी मात्र वाढलो. मांडव भरून टाकला. माझी पानं गोलसर, खालून पांढरट लवेची. द्राक्षाच्या पानासारखी कातरलेली नव्हेत. आल्यागेल्याला काय कळणार? "ज्योत्स्नाची वेल काय फोफावली!" म्हणायचे आणि मोबाईलवर फोटो काढून न्यायचे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

एका सकाळी दुर्गाबाई तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन आली, ते माझ्या बुडाशी ओतलं आणि म्हणाली, "उठलीस का, ज्योत्स्ना?"

मी चपापलो. मला वाटलं, मागं कुणी आहे. मागं न्हाणीची भिंत होती. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग रोज. "ज्योत्स्ना, तुझे अण्णा आज उपाशीच बागेत गेले." "ज्योत्स्ना, तुझी ती शिवणाची मास्तरीण भेटल्ती बाजारात, तुझं विचारीत व्हती. मी म्हणले, बरी हाय." मी जातीचा खुंट, दाढीमिशीवाल्या माणसाला ताई म्हणावं तसं ते मला वाटायचं. पहिल्या वर्षी मी नुसता वैतागलो. दुसऱ्या वर्षी तांदळाचं पाणी यायला उशीर झाला की मला करमेनासं झालं.

वाऱ्यानं पान हललं की ती त्याला उत्तर समजायची. एकदा वारा पडलेल्या दुपारी एक सरडा माझ्या पानावरून पळाला, तर ही म्हणते, "हां, कळलं. नको सांगू अण्णाला." मला तेव्हा हसू आलं. पण खरं सांगतो, पुढं एक दुपार अशी आली की सरडाही नव्हता आणि वाराही. तिनं विचारलं, "तुला थंडी वाजत व्हती का गं त्या दवाखान्यात?" आणि माझं एक पान हललं. ते मी हलवलं, की चिरेतल्या त्या काडीनं, की आणखी कुणी, हे मला आजही सांगता येत नाही. त्या दिवसापासून अंगणात मी एकटा नाही असं मला वाटू लागलं.

फळ अर्थातच धरत नव्हतं. शेजारच्या रमाबाईंचे डोळे बारीक. भिंतीवरून वाकून त्या एक दिवस म्हणाल्या, "दुर्गाबाई, वाईट वाटून घिऊ नका, पर पोरगी ह्या वेलात बसली. म्हणून फळ धरीना. कुणाला तरी दाखवा, उतारा टाका."

"बसू द्या," दुर्गाबाई म्हणाली. "घरचीच हाय."

रमाबाई त्यानंतर भिंतीपाशी आल्या नाहीत. अंगणात यायचं झालं तर मांडव टाळून कडेकडेनं यायच्या.

फाल्गुन आला की भोकरदनच्या बाजारात द्राक्षाच्या पाट्या लागतात. पहिल्या वर्षी बद्रीनाथांनी अर्धा किलो आणली. दुर्गाबाईनं ती ताटली तशीच त्यांच्यापुढं सरकवली. "मी न्हाई खाणार. ह्या वेलाचा पहिला घड ज्योत्स्नाच्या फोटोपुढं ठेवीन, मंगच द्राक्ष तोंडात घालीन."

बद्रीनाथांचा हात ताटलीवर थांबला. ते माझ्याकडे बघत राहिले. जंगली खुंटाला खाण्याजोगा घड लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे बायको मरेपर्यंत द्राक्ष खाणार नाही, आणि मरेपर्यंत वाट बघत बसणार. हे तिला सांगावं, तर मग ती वेलही गेली आणि मुलगीही गेली, असं दोन्ही एका दमात सांगावं लागणार. त्यांनी नाही सांगितलं. पुढच्या फाल्गुनात ते बाजाराच्या त्या बाजूनं यायचंच टाळू लागले.

अशी चार वर्षं होत आली. चौथ्या वर्षी श्रावण सरताना अंतरा आली.

लग्न झालेली, अंगानं जरा भरलेली, हातात पेढ्यांचा पुडा. दुर्गाबाईनं तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग चहा टाकायला ती आत गेली. अंतरा मांडवाखाली येऊन बद्रीनाथांना म्हणाली, "काका, आमचं घर पाडताहेत. दसरा झाला की. बिल्डरला दिलंय, सगळ्या भावांचं ठरलं. आजोबांची वेल पण जाणार. मला फार वाईट वाटलं, मग आठवलं, ज्योत्स्नाकडे तीच आहे ना! म्हणून आले. आता लावायला जागा नाही, पण पुढं हिचीच काडी नेईन." बोलता बोलता तिनं माझं एक पान हातात घेतलं, उलटं केलं, लवेवरून अंगठा फिरवला आणि ती थांबली. "काका, हे आमचं पान नाही."

"हळू बोल," बद्रीनाथ म्हणाले.

"पण हा तर खालचा खुंट आहे. कलम कुठाय?"

"गेलं. तवाच गेलं, सुतकात. मला म्हाईत हाय, बाई. तिला म्हाईत न्हाई. तिला बिलकुल सांगू नको. ती ह्याच्याशी बोलती. ह्याच्यावरच चालून राह्यलंय तिचं."

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. स्टोव्हवरचा चहा उतू गेला आणि उतू गेल्याचा वास अंगणात आला. दुर्गाबाई कप घेऊन आली तेव्हा तिच्या तोंडावर काही नव्हतं. "घे बाई, साखर जरा जास्ती झाली," एवढंच ती म्हणाली. अंतरानं चहा पिऊन डोळे पुसले आणि निघाली. काडीचं नाव तिनं परत काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ बागेत गेल्यावर दुर्गाबाई माझ्यापाशी आली. पाणी आणलेलं नव्हतं. गुडघे दुखत असूनही ती खाली मातीत बसली आणि माझ्या खोडाला हात लावून बोलली. "ज्योत्स्ना न्हाईस तू."

मी ऐकत होतो.

"मला म्हाईत हाय तू कोण हायस. मोसंबीच्या बागेत जन्म गेला माझा. जंबेरीची फूट मी बांधावरून वळखती. तुझं पान नसन वळखलं व्हय? पहिल्या दिसापासून वळखलं. ते तेरा दिस तू माझ्या डोळ्यासमोर वाढत व्हता. मी मोडाय यायचे अन् हात मागं जायचा. सगळं घर थांबलं व्हतं. तूच एकला वाढून राह्यला व्हता. तुला कसं मोडू?"

रुतलेल्या पट्टीवर जिथं माझी साल चढली होती तिथं तिचं बोट फिरत होतं.

"मंग हाक मारायला कुणी तरी पायजे व्हतं. नाव तर घरात तसंच पडून व्हतं. तुला दिलं. अन् फळ येणार न्हाई, हे बी बराबर म्हाईत व्हतं. म्हणूनच तर तसं बोलले. फळ आलं असतं, फोटोपुढं ठेवलं असतं, मंग संपलंच की. मला संपवायचं नव्हतं. त्यांना वाटतं मी भोळी. वाटू दे."

मग पदरानं नाक पुसून ती म्हणाली, "पर तिकडं ती खरी वेल बी चालली आता. माझ्या लेकीनं सगळ्या जालन्यातून निवडून आणल्ती ती. ती तरी जाऊ नये. तुझं डोकं द्यावं लागंल, बाबा."

बाबा. चार वर्षं मी ज्योत्स्ना होतो, आणि तिच्या तोंडून त्या नावाऐवजी दुसरं काही ऐकण्याची ती पहिलीच वेळ. करवत लागण्याआधीच माझं काहीतरी तुटलं.

संध्याकाळी बद्रीनाथ आले. ते पाय धूत होते तेव्हा ती म्हणाली, "अंतराला फोन लावा. काडी घिऊन ये म्हणा, जल्दी. भाद्रपद सरायच्या आत."

बद्रीनाथांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "तू ऐकलं काल?"

"काल काय ऐकायचं? मला पहिल्यापासून म्हाईत हाय. तुम्हाला बी."

"मंग बोलली काहून न्हाई?"

"तुम्ही काहून न्हाई बोलले?"

बद्रीनाथ न्हाणीच्या पायरीवर बसले. पायाला साबण तसाच होता. चार वर्षं दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते, एका मांडवाखाली जेवत होते. दोघं रडले, पण एकमेकांकडे न बघता. मी दोघांनाही बघत होतो.

अंतरा काडी घेऊन आली, तशीच ओल्या गोणपाटात. करवत बद्रीनाथांनी आणली, पण दुर्गाबाईनं हात पुढं केला. "मी कापते." करवतीच्या पहिल्या ओढीला तिचा हात थांबला. मग तिनं ओठ आवळले आणि शेवटपर्यंत कापलं. मांडवावरची माझी सगळी पानं एकदम सैल पडली आणि चार वर्षांनी न्हाणीच्या भिंतीवर ऊन आलं. माझ्या डोक्याबरोबर ती रुतलेली पट्टीही गेली, आणि आतली मेलेली काडीही. तेवढं बरं झालं.

पाचर कलम बद्रीनाथांना येत नव्हतं, मोसंबीचं वेगळं असतं. अंतरानं मोबाईल काढला. "माझ्याकडे ते शूटिंग आहे, काका. लावू का?"

आणि त्या अंगणात ज्योत्स्ना बोलायला लागली.

"अंतरा, माझं तोंड काहून काढती, हात काढ ना... हां. काडीला दोन्हीकडून असं तासायचं. चीर मधोमध. सालीला साल भिडली पायजे, इकडं बघ. पट्टी घट्ट, पर डोळा उघडा ठेवायचा." बद्रीनाथ ती सांगेल तसं करत होते. काडी बरोबर बसली. "अन् आता महत्त्वाचं. खालून खुंटाची फूट येती. दिसली की मोडायची. रोज. दया करायची न्हाई. दया केली की खुंट वरच्या काडीला खातो. कळलं?"

"बरं," दुर्गाबाई म्हणाली.

तिनं ते मोबाईलला म्हटलं, पोरीनं जाताना काही बजावावं आणि आईनं मान डोलवावी तसं. मग म्हणाली, "अजून एकदा लाव." अंतरानं परत लावलं. शेवटचं "कळलं?" आलं की दुर्गाबाई दर वेळी "बरं" म्हणत होती.

दसऱ्यानंतर जालन्यातलं ते घर पडलं. अंतरानं फोनवर सांगितलं, वेलीचा बुंधा जेसीबीनं एका झटक्यात उपटला. तोवर इथं काडीला पानं आली होती. कातरलेली, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी हिरवी. माझी मुळं जुनी आणि भुकेली होती. मी रस दिला, भरपूर दिला. ह्या खेपेला चिरेतून तो परत फिरला नाही. पुढच्या वर्षी अंतरा येऊन काडी घेऊन गेली, कुंडीत लावायला. आणि त्याच्या पुढच्या फाल्गुनात घड लागले. मोजकेच, विरळ, पण लांबट मण्यांचे आणि सोनेरी झाकेचे.

पहिला घड फोटोपुढं ठेवला. बद्रीनाथांनी त्यातला एक मणी काढून बायकोच्या हातात दिला. तिनं तो बराच वेळ चिमटीत धरला आणि मग तोंडात टाकला.

"साल पातळ हाय," ती म्हणाली. आणखी एक घेतला. "गोड हाय की हो." आणि तिथंच भिंतीला पाठ लावून ती मोठ्यानं रडली, तेराव्यालाही रडली नव्हती तशी. सगळा घड दोघांनी मिळून संपवला. मग तिनं देठ उचलला, हात धुतले आणि भाकरी टाकायला गेली.

त्याला महिना झाला असेल. आता रमाबाई भिंतीवरून वाकून द्राक्षं मागतात. मांडवाखाली पाहुणे उभे राहतात आणि मान वर करून बघतात. घरात हसण्याचे आवाज येतात कधीकधी. दुर्गाबाई आता कुणालाच ज्योत्स्ना म्हणून हाक मारत नाही, वरच्या वेलीलाही नाही. तिला त्याची गरज उरलेली नाही, आणि चांगलं झालं. एवढं मलाही कळतं, मी जंगली असलो तरी.

पण ती रोज सकाळी येते. गुडघ्यावर हात देत वाकते, माझ्या खोडावरची फूट शोधते आणि नखानं मोडते. दया करत नाही. पोरीला शब्द दिलाय तिनं. मोडते, बाजूला टाकते, पुढची शोधते. आणि हे सगळं न बोलता. अंगणात आता खरोखर कुणी नाही. पान हलतं ते वाऱ्यानं. चार वर्षं ज्या आवाजाला मी सरावलो, तो स्वयंपाकघरात ऐकू येतो, रस्त्यावर ऐकू येतो, फक्त माझ्यापाशी आला की बंद होतो.

तुम्हाला वाटेल, खुंट हट्टी आहे, रोज मोडूनही फुटतो. तसं नाही. वाढायचं माझ्या मनात नाही आता. मांडव वरच्या वेलीचा आहे, तिलाच लखलाभ. मी फुटतो ते दुर्गाबाईनं वाकावं म्हणून. एखाद्या दिवशी फूट आली नाही तर ती आत जाईल, आणि मग माझ्याकडे बघायला कुणालाही कारण राहणार नाही.

तर दुर्गाबाई, मोडा. मोडायलाच हवी, मी कुठं नाही म्हणतो? फक्त अशा गप्प राहून मोडू नका. मेल्या म्हणा, बेशरम म्हणा, परत आलास का म्हणून चार शिव्या घाला. काहीही म्हणा, पण मला म्हणा.